भोंगा थांबला, चूल विझली नाही

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी गिरणी कामगाराला शंभर वर्षे जेवू घातले. गिरण्या बंद पडल्या तेव्हा या बायकांचे काय झाले?

पहाटेचे चार वाजलेले असत. लालबागच्या, परळच्या, डिलाईल रोडच्या चाळींत अजून काळोखच असे. पण गॅलरीच्या टोकाला एखाद्या खोलीतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येऊ लागे, मग दुसऱ्या खोलीतून, मग खालच्या मजल्यावरून. पाठोपाठ भाकऱ्या थापल्याचा आवाज. सार्वजनिक नळापाशी हंड्या-कळशांची रांग रात्रीच लागलेली असायची. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत पंधरा-वीस माणसांचे जेवण तयार व्हायलाच हवे, कारण भोंगा कुणासाठी थांबत नसे. गिरणीच्या गेटवर दोन-चार मिनिटांचा उशीर झाला तरी खाडा पडे, आणि त्या दिवशी पोटावर बदली कामगार उभा राही.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिताना मालकांची नावे येतात, पुढाऱ्यांची येतात, संपांच्या तारखा येतात. पण साच्यावर आठ तास उभा राहणारा कामगार जेवत कुठे होता, हा साधा प्रश्न फार थोड्यांना पडला. तो जेवत होता खानावळवालीकडे. त्या खानावळीला पाटी नव्हती, टेबल-खुर्ची नव्हती, परवाना नव्हता. होती ती फक्त एक खोली, एक चूल आणि एक बाई.

एकट्या पुरुषांचे शहर

१८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला कापड गिरणी काढायचे ठरवले आणि दोन वर्षांनी ती चालू झाली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत भायखळ्यापासून दादरपर्यंत चिमण्यांचे रान उभे राहिले. या चिमण्यांखाली राबायला माणसे आली ती कोकणातून आणि घाटावरून. रत्नागिरीहून बोटीने, सातारा-कोल्हापूर-पुण्याकडून आगगाडीने. आली ती बहुतेक एकटीच. बायको, मुले, म्हातारे आईबाप, चार गुंठे जमीन, सगळे गावाकडे. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायकांची संख्या पाचशेच्या थोडीच वर होती. म्हणजे जवळजवळ दोन पुरुषांमागे एक बाई! असे शहर जेवणार कसे?

गावकऱ्यांनी मिळून खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, हा त्यावरचा एक तोडगा. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की तिसऱ्या पाळीचा त्याच चटईवर आडवा होई. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीला बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्यातली खोली होती १६० चौरस फुटांची, आणि तीसुद्धा मिळाली तर नशीब म्हणायचे. अशा खोलीत माणसे मावत, पण त्यांचा स्वयंपाक मावत नसे. तो करायची वेळही नसे आणि खरे सांगायचे तर त्या काळच्या पुरुषाला सवयही नसे.

इथे चाळीतली बाई पुढे आली. 'व्यवसाय' हा शब्द तिच्या तोंडी कधी आला नाही. कुणाचा नवरा गिरणीत जखमी होऊन घरी बसलेला, कुणाचा क्षयाने गेलेला, कुणाचा पगार गुत्त्यातच संपणारा. कुणी टाकलेली, कुणी बालविधवा. तसे पाहिले तर गिरणीतही बायका होत्या. १९२० च्या दशकात कामगारांतल्या शंभरात वीसच्या आसपास त्या होत्या, रिळावर आणि सूत गुंडाळण्याच्या खात्यात. पुढे बायकांना रातपाळी नको, बाळंतपणाचा भत्ता द्यावा लागतो, नवी यंत्रे आली, अशी कारणे होत गेली आणि त्यांची संख्या घटत गेली. गिरणीचे दार बंद होत गेले तसतसा घरातला स्टोव्ह हाच तिचा साचा झाला.

पाच-सहा जेवणाऱ्यांपासून सुरुवात व्हायची. आपल्याच गावचे, नात्यातले, ओळखीचे. बातमी तोंडोतोंडी पसरली की दहाचे पंधरा, पंधराचे पंचवीस होत. आणि मग दिवसाला दोन नव्हे, तीन पाळ्यांची जेवणे. गिरणीतला कामगार एकच पाळी करायचा, त्याला जेवू घालणारी बाई तिन्ही पाळ्या करायची!

कोकणातल्या बाईकडे भात, आमटी, सुकटीची चटणी, बाजारात स्वस्त मिळाले तर बांगड्याचे तिखले. घाटावरच्या बाईकडे भाकरी, पिठले, ठेचा. कोण किती खातो, कुणाला तिखट सोसत नाही, कुणाच्या घरून पत्र आले नाही म्हणून तो आज अर्ध्या भाकरीवर उठला, हे सगळे तिला ठाऊक असे. जेवणारे तिला मावशी म्हणत, कुणी वहिनी म्हणे. तापाने फणफणलेल्याला पेज करून देणारी तीच, आणि "गावाला पैसे धाडलेस का रे?" असे दरडावून विचारणारीही तीच.

हे सारे फार गोड वाटते, पण तसे ते नव्हते. जेवणाच्या पंगतीत जात होती. मराठ्याची खानावळ वेगळी, भंडाऱ्याची वेगळी, आणि दलित कामगाराला यातल्या बहुतेक खोल्यांचा उंबरा बंदच. गिरणीतही तेच. साचा खात्यात धोट्यात नवी कांडी भरली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या उष्ट्याच्या नावाखाली दलितांना विणकामाच्या जास्त पगाराच्या कामापासून दूर ठेवले जाई. १९२८ च्या मोठ्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता. गिरणगावच्या एकजुटीचे गोडवे गाताना ही भिंत विसरता येत नाही.

उधारीची वही

खानावळवालीचे सगळे गणित उधारीवर चालायचे. कामगाराचा पगार महिन्याचा आणि तोही पुढच्या महिन्यात हाती पडणार. म्हणजे बाईने महिनाभर आधी पदरचे घालून जेवू घालायचे. पदरी काय असे? मग वाण्याकडून तांदूळ-पीठ उधार. उधारीच्या मालाला भाव चढा आणि मापही जेमतेम. वाण्याने हात आखडला की सावकार. शेकडा पाच रुपये, दहा रुपये व्याज, तेही महिन्याला! दहाचा दर वर्षाला लावून पाहिला तर शंभरावर एकशे वीस रुपये व्याज होते. मंगळसूत्रातली वाटी गहाण पडे, तांब्याचा हंडा जाई, कधी तर खोलीची भाडेपावतीच सावकाराच्या पेटीत जाऊन बसे.

हिशेब कोण लिहिणार? बहुतेक जणींना अक्षर येत नव्हते. कुणी भिंतीवर कोळशाच्या रेघा मारी, कुणी शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वही लिहून घेई. पंचवीस माणसांना जेवू घालणाऱ्या बाईला महिन्याच्या शेवटी नेमके काय उरले हे सांगता येत नसे, कारण उरायचे ते सावकाराकडे जाऊन उरायचे. वर ती 'काम करते' असे कुणी म्हणतही नसे. जनगणनेवाला आला की नवऱ्याच्या नावापुढे 'गिरणी कामगार' आणि तिच्या नावापुढे 'घरकाम'.

आणि संप झाला की? संपात पगार बंद, पण भूक बंद होत नाही. कामगार जेवायला येतच राही. "मावशी, संप मिटला की देतो," एवढ्या शब्दावर ती वाढतच राही. १९७४ च्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत ४२ दिवसांचा संप झाला. बेचाळीस दिवस! युनियनच्या कचेरीत वाटाघाटींच्या बातम्या येत होत्या आणि चाळींत बायका अंगावरचे सोने मोडून डाळ-तांदूळ आणत होत्या. संप टिकतो तो पुढाऱ्याच्या भाषणावर असे पुढाऱ्यांना वाटते. तो टिकला होता या बायकांच्या उधारीवर.

चौदा जणी बँकेत जातात

ही गोष्ट एका कार्यकर्तीच्या नेमकी डोळ्यांत भरली. त्यांचे नाव प्रेमाताई पुरव. जन्म गोव्यातला. वय कोवळे असतानाच त्या गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरल्या आणि पोर्तुगीजांची गोळी पायावर झेलली. पुढे मुंबईत येऊन त्या कामगार चळवळीच्याच होऊन गेल्या. पती दादा पुरव हे बँक कर्मचाऱ्यांचे नेते. म्हणजे घरात एका बाजूला गिरणीची भाषा आणि दुसऱ्या बाजूला बँकेची. या दोन्हींची गाठ घालण्याचे काम प्रेमाताईंनी केले.

१९६९ मध्ये देशातल्या चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. बँका आता गरिबाच्या, असे सांगितले जात होते. मग गरीब बाईला त्या कर्ज का देत नाहीत? प्रेमाताईंनी प्रश्न विचारला तो असा सरळ. कामगारांसाठी इतकी वर्षे मोर्चे निघाले, पण कामगाराला जेवू घालणाऱ्या बाईसाठी एकही घोषणा नाही, हेही त्यांना खटकत होते. १९७५ मध्ये 'अन्नपूर्णा महिला मंडळ' सुरू झाले. सुरुवातीला बायका किती? अवघ्या चौदा.

त्या काळी चाळीतल्या बाईने बँकेत जायचे म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. तिथला शिपाईसुद्धा साहेब वाटायचा. कर्ज मागायचे तर तारण काय? काही नाही. सही? येत नाही. उत्पन्नाचा दाखला? भिंतीवरच्या कोळशाच्या रेघा. नवऱ्याची संमती? तो म्हणणार, कर्ज माझ्या नावावर घे. मंडळाने यावर उपाय काढला तो बायकांच्या रोजच्या व्यवहारातलाच. शेजारपाजारच्या बायकांनी गट करायचा आणि एकमेकींना जामीन राहायचे. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्या तिच्या दारात. रागावून नव्हे, तर काय झाले ते बघायला. मूल आजारी आहे का, जेवणाऱ्यांनी पैसे थकवले का, की नवऱ्याने मारून पैसे नेले? या तिसऱ्या कारणासाठी बायका एकत्र त्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या की पुढच्या महिन्यात हप्ता वेळेवर येई, असे अनुभव गटागटांत आले.

सही करायला शिकवणे हा मंडळाच्या कामाचा पहिला धडा होता. तव्यावर भाकरी फिरवणाऱ्या बोटांना पेन धरायला लावणे सोपे नव्हते. पण पासबुकावर स्वतःचे नाव, आणि तेही 'अमक्याची बायको' असे नव्हे, ही गोष्ट अनेकींच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होती. कर्जाच्या पैशातून वाण्याचे देणे फिटले, मंगळसूत्र सुटले, तांदळाचे पोते रोखीने आणि म्हणून स्वस्तात आले. बाकी काही बदलले नव्हते. तीच खोली, तोच स्टोव्ह, तीच माणसे. फक्त मधला सावकार गेला आणि बाईच्या हातात पहिल्यांदा चार पैसे उरू लागले. बहुतेकींनी कर्ज वेळेवर फेडले आणि दुसरे घेतले. चौदाच्या शेकडो झाल्या, शेकड्यांच्या हजारो.

विशेष म्हणजे ही कल्पना त्याच वर्षांत आणखी दोन ठिकाणी रुजत होती. अहमदाबादेत इला भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेतल्या भाजीवाल्या, गोधडीवाल्या बायकांनी १९७४ मध्ये प्रत्येकी दहा-दहा रुपये काढून स्वतःची बँक उभी केली. बांगलादेशात प्रा. मुहम्मद युनूस यांनी जोब्रा गावातल्या ४२ जणांना खिशातले २७ डॉलर उसने दिले ते १९७६ मध्ये. युनूस यांना पुढे २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जगाला 'सूक्ष्म कर्ज' हा शब्द माहीत झाला. परळच्या चाळीतल्या चौदा जणींना तो शब्द माहीत नव्हता. माहीत असण्याचे कारणही नव्हते म्हणा.

१८ जानेवारी १९८२

अन्नपूर्णाचे बस्तान बसत होते आणि त्याच वेळी तिच्या पायाखालची जमीन हलू लागली होती. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून काही गिरण्यांत असंतोष भडकला. राष्ट्रीय मिल मजदूर संघ ही कायद्याने मान्यता असलेली एकमेव युनियन. तिच्यावर कामगारांचा विश्वास उरला नव्हता. ते घाटकोपरला डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार एका दिवसात गिरणीबाहेर. हा संप कधीही अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही. तो मिटला नाही, विरून गेला.

सुरुवातीला बायकांनी पुन्हा तेच केले. वाढत राहिल्या. "१९७४ ला बेचाळीस दिवस काढले, याही वेळी काढू." बेचाळीस दिवस झाले, शंभर झाले, दोनशे झाले. पावसाळा आला. कामगार शेतीच्या कामाला गावी गेले. गावांनी त्यांना सांभाळले, धान्य दिले, हेही सांगायला हवे. पण खानावळवालीला गाव कुठे होते? तिचे गाव म्हणजे तिचे जेवणारे आणि तेच निघून गेलेले. उधारीच्या वहीतली नावे राहिली, माणसे परतली नाहीत. वर बँकेचा हप्ता होताच.

लाखाहून अधिक कामगारांना परत कामावर जाताच आले नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला, काही चालल्या, काही नुसत्याच उघड्या राहिल्या. मालकांना आता कापडापेक्षा जमिनीत रस होता. ज्या मुलांनी बापाच्या जागी लागायचे ती मुले नाक्यावर उभी राहिली. कुणी वडापावची गाडी टाकली, कुणी रिक्षा घेतली, कुणी टोळ्यांत गेला आणि गोळीने मेला. गिरणगावात त्या दहा-पंधरा वर्षांत किती आयांनी मुलगे गमावले याची मोजदाद कुणी केली नाही. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकातले घर ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायची गरज नाही.

आणि याच काळात घरे चालवली ती बायकांनी. नवरा गिरणीत असताना जी कमाई 'हातभार' समजली जायची तीच आता घराची मुख्य कमाई झाली. धुणीभांडी, पोळ्या लाटणे, पापड, मसाले, शिवण. काल ज्या पुरुषाच्या पगारावर घर चालत होते तो दारात बसलेला आणि बाई बाहेर. हे दुखणे वेगळेच होते. चळवळीत भाषण करणारे पुरुषही घरी आल्यावर चहाचा कप उचलून मोरीत ठेवत नसत, हे बायका आता हसून सांगतात. तेव्हा हसू येत नव्हते.

अन्नपूर्णापुढे प्रश्न होता की ज्यांना जेवू घालायचे तेच उरले नाहीत, तर आता काय? उत्तर बायकांच्या हातात होते, शब्दशः. एकेकटीने खोलीत रांधण्याऐवजी एकत्र स्वयंपाकघर चालवायचे आणि गिऱ्हाईक गिरणीचे नव्हे तर कचेऱ्यांचे शोधायचे. पुरणपोळीपासून पुलावापर्यंत सगळे. काल साचेवाल्याचा डबा भरणारी बाई आज बँकेच्या, सरकारी कचेरीच्या समारंभाचे जेवण करू लागली. गंमत अशी की ज्या कचेरीत ती एकेकाळी अंग चोरून उभी राहिली होती तिथेच तिच्या हातचे जेवण जाऊ लागले. वाशीला मंडळाचे केंद्र झाले. तिथे प्रशिक्षण, नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृह, अडचणीतल्या बायकांना आसरा. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांची मुलगी डॉ. मेधा पुरव-सामंत. बँकेतली नोकरी सोडून त्यांनी पुण्यात १९९३ मध्ये वस्तीतल्या बायकांबरोबर हेच काम नव्याने सुरू केले. तेच पुढे 'अन्नपूर्णा परिवार' झाले. इथे गिरणी नव्हती, खानावळ नव्हती. भाजीवाली होती, घरकाम करणारी होती, कागद-काच वेचणारी होती. पण गट तोच, एकमेकींना जामीन राहणे तेच. त्यात आणखी एक भर पडली. एका घरात आजारपण आले की चार वर्षांची बचत चार दिवसांत जाते, हे ओळखून बायकांनी थोडे थोडे पैसे एकत्र ठेवून आजारपणासाठी परस्पर मदतीचा निधी केला. कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांसाठी पाळणाघरेही निघाली.

गिरण्या बुडाल्या त्या एकट्या मुंबईत नव्हे. अहमदाबादच्या गिरण्याही १९८० च्या दशकात धडाधड बंद झाल्या, कानपूरची लाल इमली थंडावली. अहमदाबादेत 'सेवा' ही गिरणी कामगारांच्या मजूर महाजन संघाच्या पोटातच जन्मली आणि १९८१ मध्ये तिला तिथून बाहेर पडावे लागले. पुढे महाजनाचे बळ गिरण्यांबरोबरच ओसरले, बायकांची संघटना मात्र लाखोंची झाली. योगायोग म्हणावा तर तो दोन शहरांत सारखाच कसा?

घराचे स्वप्न

गिरणगावात आणखी एक स्वप्न वाढत होते. गिरणी तर गेली, निदान तिच्या जमिनीवर आमचे घर तरी असावे. मुंबईच्या गिरण्यांची जमीन सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या मध्यावर. १९९१ च्या विकास नियमावलीत मालकांनी जमीन विकायची तर एक तृतीयांश मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी आणि उरलेली स्वतःसाठी, असे ठरले होते. २००१ मध्ये हा नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. शेड पाडून मोकळी झालेली जमीन त्यातून सुटली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये निकाल बदललेल्या नियमाच्या बाजूने लागला. चिमण्यांच्या जागी मॉल आले. फिनिक्स गिरणीचे काय झाले हे मुंबईला आलेला कुठलाही पाहुणा सांगेल.

दत्ता इस्वलकर हे मॉडर्न मिलचे कामगार. १९८९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती काढली. गिरण्या चालू करा, देणी द्या, ही मागणी पुढे घराच्या मागणीत बदलली. उपोषणे, मोर्चे, मंत्रालयाच्या खेपा. मोर्च्यात दरवर्षी डोकी जास्त पांढरी आणि लुगडी-साड्या जास्त दिसू लागल्या, कारण कामगार जात होते आणि त्यांच्या जागी त्यांच्या विधवा येत होत्या. या बायकांना मोर्चा नवा नव्हता. एकेकाळी मोर्चेकऱ्यांचे डबे त्यांनीच भरले होते.

२८ जून २०१२ ला म्हाडाने गिरणी कामगारांच्या ६,९२५ घरांची सोडत काढली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. मार्च २०२० मध्ये बॉम्बे डाईंग आणि श्रीनिवास मिलच्या जागेवरच्या ३,८९४ घरांची सोडत निघाली. ज्यांचा नंबर लागला त्यांनी कर्ज काढून घरे घेतली, काहींनी हप्ता झेपेना म्हणून भाड्याने दिली. इस्वलकर ७ एप्रिल २०२१ ला गेले. अजून लाखाहून जास्त कुटुंबे वाट पाहत आहेत. त्यांना आता शेलू-वांगणीकडे घरे देऊ केली आहेत, म्हणजे मुंबईपासून ऐंशी किलोमीटरच्या आसपास. ९ जुलै २०२५ ला आझाद मैदानावर हे लोक पुन्हा जमले. मागणी एकच, घर मुंबईतच हवे.

याच सुमारास, ऑगस्ट २०२५ मध्ये, वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या चाळी आता एकेक करून पाडल्या जात आहेत. गॅलरी जाणार, सार्वजनिक नळ जाणार. दार लावून राहायची सवय करावी लागणार.

२०१२ च्या सोडतीतले घर २२५ चौरस फुटांचे होते. ज्या खोलीत खानावळवाली तीन पाळ्यांची जेवणे रांधत होती, पोरे वाढवत होती आणि संपकऱ्यांना वाढत होती, त्या १६० चौरस फुटांपेक्षा ६५ फूट जास्त. त्यात एक स्वयंपाकाचा ओटा आहे, आणि नळ घरातच आहे.